क्षितिज समन्वय

सूड ही माणसाने शोधून काढलेली सर्वांत जुनी आणि सर्वांत शुद्ध विद्या आहे. अग्नी, चाक आणि लिपी या तिच्यापुढे हौशी लोकांच्या करामती होत. हा थोर विचार प्रोग्रामरबाईंना सुचला तेव्हा त्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात, हात वाळवायच्या यंत्राखाली ओले हात धरून उभ्या होत्या आणि यंत्र काही सुरू होत नव्हतं. बाईंनी हात काढले, पुन्हा घातले, खालीवर हलवले, शेवटी पँटला पुसले. अर्ध्या जगाचे फोन चालवणारी कंपनी, पण तिच्या यंत्राला बाईंचे हात दिसेनात. त्या दिवशी बाई तशाही कुणालाच दिसत नव्हत्या.

झालं होतं ते असं. बाईंनी दोन वर्षं खपून एक प्रोग्राम लिहिला होता. हल्ली माणसं एकाच बाळाचे एकाच जागी ढिगाने फोटो काढतात. त्यांतला बरा तेवढा ठेवून बाकीचे बाजूला सारायचं काम तो करी. ऐकायला सोपं वाटतं. पण 'बरा' म्हणजे काय, हे यंत्राच्या गळी उतरवता उतरवता बाईंचे केस पिकले, आणि पिकलेले केस यंत्राला आधी आवडत नव्हते म्हणून तेही बाईंनीच दुरुस्त केलं. आज सकाळी मोठ्या सभागृहात, टाळ्यांच्या गजरात, तो प्रोग्राम जगापुढे आला. मंचावर उभे होते बाईंचे साहेब.

इथं कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही, सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं, असा हुकूम साहेबांनीच काढला होता. त्यामुळे टीम त्यांना पाठीमागे 'होकायंत्र' म्हणे. ते सतत सगळ्यांना दिशा दाखवायचं आणि स्वतः जागचं हलायचं नाही.

"एकदा मी माझ्या मुलीचे फोटो चाळत बसलो होतो," होकायंत्र मंचावरून म्हणालं, "आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!"

होकायंत्राला मुलगी नव्हती. दोन मुलगे होते. पण भाषणात मुलगी बरी दिसते.

शेवटी खाली उतरता उतरता ते म्हणालं, "हो, आणि टीमलाही धन्यवाद हं." बाईंची दोन वर्षं त्या 'हं'मध्ये मावली.

नुसत्या कौतुकाचा प्रश्न असता तर बाईंनी गिळलाही असता. पण पुढच्या महिन्याअखेर बढतीची समिती बसणार होती. प्रोग्राम ज्याच्या नावाने समितीपुढे जाईल, तो फोटोंच्या विभागाचा प्रमुख होणार होता. बाईंना ते प्रमुखपद हवं होतं, अगदी जीव तुटेस्तोवर हवं होतं, आणि त्यांच्या नावाचा कागद समितीकडे पाठवायचा की नाही हे होकायंत्राच्या हातात होतं. "तुझं पुढच्या वेळी नक्की," ते गेली तीन वर्षं म्हणत आलं होतं.

संध्याकाळी बाईंनी सगळा प्रकार आईच्या कानावर घातला. आईंनी कोर्टात टायपिस्टची नोकरी करून निवृत्ती घेतली होती. जगात सज्जन माणूस असतो ही त्यांना अफवा वाटे.

"तू काय केलंस मग?" आईंनी विचारलं.

"टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या! अगं, माझ्या पोटची ना तू? तुझ्या मोठ्या काकूने माझा पातेल्यांचा संच नेला, तेव्हापासून मी तिच्याशी शब्द बोललेली नाही."

"आई, काकू समुद्रापलीकडे असते. तिला अजून पत्तासुद्धा नाही तू अबोला धरल्याचा."

"नसेना का. मी तर धरलाय ना?" आईंनी ताट पुढे सरकवलं. "हे बघ, अशा माणसाला ढकलायला जाऊ नये. ढकललं की तो ओरडतो आणि लोक आपल्याकडे बघतात. त्याला उंच खुर्चीवर बसवावं, चार मोठी माणसं समोर आणावीत आणि म्हणावं, बोला साहेब. तो आपला आपण पडतो. कोर्टात मी असे कितीतरी पडलेले टाईप केलेत."

बाईंचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कंपनीच्या कॅलेंडरात एक बैठक घातली. नाव ठेवलं, 'क्षितिज समन्वय'. याचा अर्थ बाईंनाही माहीत नव्हता आणि तेच त्याचं बळ होतं. वार बुधवार, वेळ दुपारची, दर आठवड्याला. विषयाचा रकाना कोरा. अध्यक्ष म्हणून होकायंत्राचं नाव. आणि निमंत्रित म्हणून कायदेप्रमुख, जाहिरातप्रमुख, विक्रीप्रमुख असे सगळे बडे, ज्यांच्यासमोर होकायंत्र एरवी लिफ्टमध्येसुद्धा पोट आत घेऊन उभं राहायचं. टिपणं घ्यायला म्हणून बाईंनी स्वतःलाही बोलावलं. नाटक आपण उभं केलंय तर पहिल्या रांगेत बसायला नको का?

तुम्ही म्हणाल, कुणी विचारलं नाही का, ही बैठक कसली? हीच तर गंमत. त्या कंपनीत कुठल्याही बैठकीबद्दल 'ही कशासाठी?' असं विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला ठाऊक नाही याचा अर्थ त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही याचा अर्थ त्याचे दिवस भरले. म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने 'येतो' असं बटण दाबलं. सगळ्यांत आधी होकायंत्राने दाबलं.

बुधवार उजाडला. काचेच्या खोलीत बडे लोक लांब टेबलाभोवती बसले. टोकाच्या खुर्चीत होकायंत्र. सगळे त्याच्याकडे बघू लागले. ते सगळ्यांकडे बघू लागलं. त्याच्या कपाळावर घाम तरारला. बाईंनी पेन उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं. पड, त्या मनात म्हणाल्या, पड रे मेल्या.

होकायंत्राने घसा खाकरला. "सगळ्यात आधी," ते म्हणालं, "आपण इथं का आहोत?"

 मग कायदेप्रमुखांनी चष्मा काढला. "नऊ वर्षं झाली मला इथं," ते म्हणाले, "पण हे मला कुणी विचारलं नव्हतं." जाहिरातप्रमुख बाईंनी डोळे टिपले. विक्रीप्रमुख म्हणाले की आपणही हल्ली फार एकटे पडलोय. तासाभराने सगळे एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून बाहेर पडले आणि प्रोग्रामरबाईंच्या टिपणात एकच ओळ होती: 'मेला पडला नाही.'

"थांब," रात्री आई म्हणाल्या. "अजून उंच बसव."

पुढच्या बुधवारसाठी बाईंनी मुद्दाम सगळ्यांत लहान खोली घेतली. माणसं मांडीला मांडी लावून बसली आणि कंपनीभर बोभाटा झाला की क्षितिज समन्वयात जागा मिळत नाही. लगेच आणखी बड्यांनी वशिले लावले. होकायंत्र कँटीनमध्ये जरा हळू चालायला लागलं, लोकांना नमस्कार करायला वेळ मिळावा म्हणून. एकदा ते बाईंच्या टेबलापाशी थांबून म्हणालं, "क्षितिज समन्वय हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे बघ. तू टिपणं छान घेतेस. तुझं पुढच्या वेळी नक्की."

त्या दिवशी बाईंनी कीबोर्डवरचं एक बटण दाबता दाबता तोडलं.

समिती दोन आठवड्यांवर आली तेव्हा बाईंनी शेवटचं पाऊल उचललं: निमंत्रितांत 'थोरल्यां'ना घातलं. थोरले म्हणजे कंपनीचे संस्थापक. वयाने ते सगळ्यांत लहान होते, म्हणूनच त्यांना थोरले म्हणत. ते कधी कुठल्या बैठकीला येत नसत. या बैठकीला आले. पायांत चपला, हातात फोन.

ते बसले नाहीत. दारात उभं राहून त्यांनी गोड आवाजात विचारलं, "ही बैठक कुणाची कल्पना?"

 आमंत्रणाच्या अगदी तळाशी कॅलेंडर आपण होऊन बोलावणाऱ्याचं नाव छापतं. ते नाव बाईंचं होतं. एवढे दिवस तळापर्यंत कुणी गेलं नव्हतं इतकंच. आता थोरल्यांनी फोनवर अंगठा एकदा फिरवला की खेळ खलास. बढती राहिली बाजूला, संध्याकाळपर्यंत नोकरीसुद्धा उरायची नाही.  होकायंत्राला फक्त खरं बोलायचं होतं. 'मला ठाऊक नाही बुवा, मलाही आमंत्रणच आलं,' एवढं म्हणालं असतं तरी सुटलं असतं.

होकायंत्र उठलं. कोटाचं बटण लावलं.

"माझी," ते म्हणालं. "एकदा मी माझ्या मुलीसोबत समुद्रावर बसलो होतो. समोर क्षितिज. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश..."

"छान," थोरले म्हणाले. "दर बुधवारी दुपारी मी फोन करतो आणि कंपनीत एक माणूस उचलत नाही. गेल्या बुधवारी कायद्यावाल्यांची सही हवी होती, तर ते रडत होते म्हणे. कुणाचं डोकं हे, तेवढंच बघायला आलो होतो." त्यांनी एकदा सगळ्यांवर नजर फिरवली. "बंद करा. आणि तू उद्यापासून खुर्च्यांकडे जा. सगळ्या इमारतींत खुर्च्या सारख्या नाहीत. त्यांचा समन्वय कर."

कायदेप्रमुखांनी चष्मा घातला आणि ते होकायंत्राला ओळखेनासे झाले.

"फोटोंचं काम मग कोण बघतं?" थोरल्यांनी जाता जाता विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला. "मीच लिहिलंय ते. सगळं."

"बरं," थोरले फोनमधून मान वर न काढता म्हणाले, आणि गेले.

महिन्याअखेर समितीपुढे प्रोग्राम बाईंच्या नावाने गेला आणि बाई विभागप्रमुख झाल्या. आईंनी सगळं दोनदा वदवून घेतलं, विशेषतः कोटाचं बटण लावल्याचं. पण बाईंचं समाधान होईना. पडणाऱ्याला आपल्याला कुणी पाडलं हे कळलंच नाही तर तो सूड कसला? तो नुसता अपघात झाला.

एके दिवशी होकायंत्र मागे राहिलेल्या सामानाचं खोकं घेऊन बाईंच्या नव्या केबिनमध्ये आलं. बाईंनी दार लावून घेतलं. भाषण तोंडपाठ होतं.

"बैठक मी बोलावली होती."

"कुठली?"

"बुधवारची. तुला सगळ्यांसमोर पाडायला. ठरवून."

होकायंत्राने खोकं टेबलावर ठेवलं आणि जरा विचार केला. "चांगली होती गं पण," ते म्हणालं. "मला तर फार आवडायची."

बाईंच्या कानशिलात रक्त चढलं. भाषणाचा मधला सगळा भाग गळून पडला. "आणि तो प्रोग्राम माझा होता! माझा! कळतंय का तुला?"

"हो, म्हणजे? तो तुझाच," होकायंत्र म्हणालं. "मला का माहीत नाही ते? म्हणून तर आलो ना तुझ्याकडे. आता खुर्च्यांवाल्यांना कुठं विचारत बसू?" त्याने खिशातून फोन काढून बाईंपुढे धरला आणि आवाज खाली आणला. "आमच्या सासूबाईंच्या वाढदिवसाचे सगळे फोटो तुझा प्रोग्राम बाजूला काढतो. एकसुद्धा बरा म्हणत नाही. त्या रोज विचारतात गं. निदान एखादा तरी ठेवायला सांगशील का त्याला?"