बसलेला राजा

सुनेने चाकांच्या खुर्चीला ब्रेक लावला, तसे संग्रहालयातले सगळे मामांभोवती गोळा झाले. मामा म्हणजे तिचे सासरे. पाहुण्यांना इथली दालनं दाखवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मग अर्धांगाचा झटका आला आणि निवृत्ती अंथरुणातच झाली. आज निरोपाचा कार्यक्रम होता. लाडकी कोरीव दगडी पाटी एकदा पाहीन, पण फोटो काढायचा नाही, या अटीवर ते आले होते. उभ्या माणसांच्या घोळक्यात खाली बसलेला म्हातारा म्हणून दिसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

आणि लोक तरी कसे! मामांची चौकशी मामांच्या डोक्यावरून सुनेकडे. जेवतात का, झोपतात का, माणसं ओळखतात का. कान शाबूत आहेत त्यांचे, त्यांनाच विचारा की, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. पण मामाही गप्पच होते. जीभ जड झाल्यापासून चारचौघांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

पलीकडे, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली गाइड मुलगी पाहुण्यांना मेसोपोटेमियातली ती पाटी समजावत होती. आसनावर बसलेला राजा, समोर उभे दरबारी, पायाशी चिमुकले सेवक. ती म्हणाली, हे सेवक म्हणजे मुलं नव्हेत, आणि ते लांबही उभे नाहीत; ज्याचा मान मोठा, तो मोठा कोरायचा अशी तेव्हाची रीत. इथवर झकास जमलं. मग मामांकडे नजर गेली आणि ती गडबडली. राजाचं आणि दरबाऱ्यांचं डोकं एका रेषेत आहे, म्हणजे ते बरोबरीचे, असं सांगून मोकळी झाली.

मामांनी खुर्चीच्या दांड्यावर बोटं आपटली.

"त्याला... उभं कर."

शब्द जड आले, पण आले. मुलीने पाटीकडे पाहिलं. राजाचे दुमडलेले गुडघे मनातल्या मनात सरळ करून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"चुकलंच माझं. तो बसलाय. बसूनही उभ्यांच्या बरोबर. उठला तर चौकट फोडून बाहेर येईल."

मामा हसले. अर्ध्याच ओठांनी, पण सुनेला तेवढ्यानेही भरून आलं.

फोटोवाला दाराशी घुटमळत होता. सून खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली. तिचं डोकं मामांच्या डोक्याशी बरोबर आलं. मुलगीही बसली. मग एकेक करत सगळे. संचालक पोट सावरत टेकले आणि आता मला उठवणार कोण, म्हणून कुरकुरले. मामा नको म्हणाले नाहीत.

"वर फार जागा रिकामी राहतेय," फोटोवाला म्हणाला. "जरा जवळून घेतो."

"राहू दे," मामा म्हणाले. "लागेल."