जात्यावरचा जाड आवाज

उमरठच्या वरच्या वाडीत बायजा म्हैस पिळत होती आणि गोठ्याच्या माळ्यावर कोणी पुरुष ओवी गुणगुणत होता. रोजचंच होतं हे. तरी तिचा हात थबकायचा. वर पुरुष नव्हता, तिची एकोणीस वर्षांची लेक होती, गौतमी.

दोन वर्षांमागं गौतमीची पाळी थांबली, हनुवटीवर केस आले, आणि लग्नघरी हळद दळताना ओव्या म्हणणारा तिचा कोवळा आवाज जाड झाला. वाडी म्हणाली, बाप्याचं वारं शिरलं, कुणा मेल्या पुरुषाचं. वारं शिरलेल्या पोरीनं जात्याला शिवायचं नाही, हळदीला बसायचं नाही. बापानं, केरूनं, दर अमावास्येला कोंबडं उतरवलं. पोरीचं अंथरूण माळ्यावर नेलं ते मात्र बायजानंच.

यंदा गौतमीचं पोट फुगलं. शेजारच्या महिपतच्या बायकोनं पाणवठ्यावर हसत विचारलं, "बायजे, वाऱ्याचं बारसं कधी गो?"

दुसऱ्या दिवशी बायजा पोरीला घेऊन महाडच्या एसटीत बसली.

इस्पितळात शस्त्रक्रिया करून अंडाशयाची गाठ काढली. ती तपासणाऱ्या डॉक्टर अनुपमांनी बायजाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत गुलाबी-जांभळी रांगोळी. फार क्वचित आढळते अशी गाठ, बाई म्हणाल्या. एकाच गाठीत दोन तऱ्हेच्या पेशी, काही बाईच्या अंडाशयात असतात तशा, काही पुरुषाच्या वृषणात असतात तशा. केस, आवाज, सगळं त्यांच्या स्रावांमुळं.

"म्हंजे बाप्या व्हताच आत," बायजा पुटपुटली.

"नाही हो. बाहेरून कोणी आलं नव्हतं. या पेशी गौतमीच्याच."

पाळी येईल, केस विरळ होतील. आवाज मात्र बहुधा परतणार नाही. लवकर आणलं असतं तर? हाच सवाल मनात घेऊन बायजा पोरीसह वाडीवर परतली.

महिपतच्या लेकीची, रेश्माची, हळद आली. गौतमी उंबऱ्याबाहेरच थांबली, तशी बायजानं मनगट धरून तिला जात्यापुढं बसवलं. ओव्या थांबल्या. वारं घरात आणलंस, महिपतची बायको कुजबुजली.

"वारं नव्हतं, दुखणं व्हतं. आनि मी पोरीला गुरांत निजवली," बायजा म्हणाली. "ह्यो आवाज माज्या लेकीचा हाय. ज्यांना नको त्यांनी उठावं."

तिघी उठल्या. गौतमीनं खुंटा धरला.

जात्याच्या पाळीवरी हळद पडं भुरुभुरू
गोठ्यात बांधलेलं, माये, तुजंच वासरू

बायजानं खुंट्याला दुसरा हात लावला. त्या जाड आवाजाच्या तळाशी तिला जुना, कोवळा आवाज ऐकू येत होता. तो कुठं गेलाच नव्हता. दोन वर्षं माळ्यावरून तिलाच हाक मारत होता.