दाराच्या बेलची दोन बटणं

महिपतीला अर्धांगाचा झटका येऊन त्याची वाचा गेली, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीची फार पंचाईत झाली. बनूबाई वांगणीला शेतावर राहायची, आणि महिपती अंबरनाथला बुवापाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे तिला जिने चढू देत नव्हते. आधी दोघांचं रोज फोनवर बोलणं व्हायचं. आता पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. महिपतीची बायको गयाबाई मध्येच फोन घेऊन सांगायची, "ऐकतायत हो ते वन्सं, तुम्ही बोला." पण एकटीनं किती बोलायचं?

बनूबाईची मुलगी मालिनी बदलापूरला, बेलवलीत राहायची. तिनं दोन टॅबलेट आणले आणि दोन्ही घरी इंटरनेटची सोय केली. मामाकडचा टॅबलेट कपाटावर ठेवला. त्यावर कॉल आपोआप उचलला जायचा. आईकडच्यावरचं बाकी सगळं काढून फक्त दोन फोटो ठेवले, एक मामाचा आणि एक स्वतःचा. फोटोला बोट लावलं की कॉल लागणार.

बनूबाईनं बोट लावलं. काही झालं नाही. पदराला पुसून लावलं, मग जोरात दाबलं. मालिनीनं नुसता स्पर्श केला की लगेच लागायचं.

"माझा हात ह्याला कळत नाय," असं म्हणून बनूबाई भेंडी तोडायला निघून गेली.

मालिनीला ते लागलं. पन्नास वर्षं माती आणि विळा हाताळून आईच्या बोटांची कातडी इतकी राठ झाली होती, की त्या काचेला ती जाणवतच नव्हती. पुढच्या रविवारी ती टॅबलेट घेऊन उल्हासनगरला गेली. कॅम्पातल्या एका गल्लीत जितेश नावाच्या पन्नाशीच्या सिंधी माणसाचं रिपेअरिंगचं दुकान होतं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दीदी, मशीन बरोबर आहे, आईपण बरोबर आहे. बीच में ही काच नको, बस. घरात त्या रोज कुठलं बटण दाबतात?"

"लाइटचं. शेजारणीकडे गेली तर दाराची बेल."

"मग बेलच लावू."

त्यानं एक छोटा कीबोर्ड उघडला, त्यातून तारा काढून त्यांना दाराच्या बेलची दोन पांढरी बटणं जोडली आणि सगळं एका फळीवर पक्कं करून टॅबलेटला जोडून दिलं. संध्याकाळी मालिनीनं फळीवर बटणांच्या वर दोन फोटो चिकटवले आणि ती फळी आईपुढे ठेवली. बनूबाईनं भावाच्या फोटोखालचं बटण दाबलं. समोर महिपती दिसला.

दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. बनूबाई पडद्याजवळ सरकली. बहीण दिसताच महिपतीनं चांगला असलेला उजवा हात उचलला आणि कपाळावरून आडवा फिरवला. परत फिरवला.

"डोकं दुखतंय त्यांचं," गयाबाई म्हणाली. "दोन महिने झाले, दिवसातून दहादा असं करतात. बाम चोळला की हात झटकून टाकतात."

"डोकं नाय दुखत त्याचं," बनूबाई म्हणाली. "गया, त्याला तिथून दिसत नाय."

"काय दिसत नाही?"

लहानपणी दोघं गुरं घेऊन उल्हास नदीवर जायची. ती ह्या काठाला, तो त्या काठाला. पाण्याच्या आवाजात हाक पोचायची नाही, म्हणून दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. कपाळावरून आडवा हात म्हणजे, मला इथून दिसत नाही, जागा बदलतो.

"त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"दाराकडे. समोर भिंत येते."

"मग खाट फिरव."

गयाबाईनं शेजारच्या धर्मराजला बोलावलं. दोघांनी मिळून खाट फिरवली, टॅबलेट दाराशेजारी हलवला, महिपतीच्या पाठीशी दोन उशा लावल्या. आता त्याला उघडं दार दिसत होतं, बाहेरची गॅलरी, येणारी-जाणारी माणसं. महिपतीच्या कारखान्यातला एक जुना सोबती जिना चढून येत होता, तो दारातच थांबला आणि म्हणाला, "काय महिपती, बसलास का?" महिपतीचा हात कपाळाकडे गेला नाही. तो मांडीवर पडून राहिला.

पुढे रोज चार वाजता बनूबाई बटण दाबू लागली. ती वाल सोलत बसायची, तो दाराबाहेर बघायचा, मधूनच दोघांचे हात हलायचे. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम तो गयाबाईपुढे टाळायचा, पण बहिणीसमोर निमूट करायचा. दिवाळीपर्यंत एक-दोन शब्दही फुटू लागले.

गयाबाई एक दिवस वही घेऊन बसली. "वन्सं, सगळ्या खुणा सांगा मला. मी लिहून घेते."

बनूबाईनं एकेक करून दाखवल्या. मूठ वळून अंगठा हलवायची खूण तिनं दाखवली, पण तिचा अर्थ मात्र सांगितला नाही.

"ती तर ते मला रोज करतात," गयाबाई म्हणाली.

"वात्रट गुरांसाठी होती ती," बनूबाईनं सांगून टाकलं.

गयाबाईनं खाटेकडे वळून बघितलं. महिपती गॅलरीत काहीतरी महत्त्वाचं चालल्यासारखा तिकडे बघत होता, आणि त्याचे खांदे हसण्यानं हलत होते.