दोराच्या वरच्या टोकाला

रविवारी दुपारी ताईच्या जेवणाच्या टेबलावर गाठोबाचा जीव गेला. त्याचा स्वतःचा नव्हे, खेळातल्या पात्राचा. पण दोन वर्षं दर रविवारी ज्याच्या तोंडून आपण बोलतो, तो असा हकनाक गेला की माणसाच्या जिवाला लागतंच.

खेळ तसा साधा. ताई, म्हणजे गाठोबाची थोरली बहीण, शाळेत भूगोल शिकवायची आणि नकाशे झकास काढायची. गोष्ट ती रचायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, तिनं प्रसंग सांगितला की आपलं पात्र काय करतंय ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. गाठोबाचा होता एक म्हातारा पहारेकरी. भावोजींचा मांत्रिक होता, तो भावोजींसारखाच दुपारी पेंगायचा. आणि चकव्याचा चोर.

चकवा हा गाठोबाच्या कामावरचा जोडीदार. गाठोबानंच हौसेनं त्याला खेळात आणलं होतं, त्यामुळे आता तक्रार करायला तोंड नव्हतं. तीन महिन्यांत या चोरानं सोबत्यांचेच खिसे कापले, नकाशा शत्रूला विकला आणि तहाची बोलणी रंगात आलेली असताना राजाची दाढी ओढली. ताईनं महिनाभर खपून रचलेला प्रसंग तो पाच मिनिटांत मातीत घालायचा. कुणी चिडलं की खांदे उडवायचा. "माझं पात्रच तसं आहे, त्याला मी काय करू?" असा एक महाभाग प्रत्येक टेबलावर असतो आणि त्याचं उत्तरही हेच असतं.

त्या रविवारी पहारेकरी दोराला लटकून दरीत उतरत होता. दोर धरायला वर चोर.

"चोर काय करतोय?" ताईनं विचारलं.

"दोर कापतो," चकवा म्हणाला.

भावोजी जागे झाले आणि हसले. ताई हसली नाही.

"नक्की?"

"नक्की."

फासा पडला आणि पहारेकरीही पडला. ताईनं पेन्सिलीनं त्याच्या कागदावर आडवी रेघ मारली.

"पण का?" गाठोबानं विचारलं. त्याचा आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

चकव्यानं चहात बिस्किट बुडवलं. "कंटाळा आला होता रे. म्हटलं, बघू तरी काय होतंय."

आता हे दोघं पोटासाठी काय करायचे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर गाठोबाला त्या रात्री झोप का लागली नाही ते कळायचं नाही. ते उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचे. गच्चीवरून दोन दोर सोडलेले असत, एक लटकायला आणि दुसरा, पहिल्यानं दगा दिलाच तर. एकानं खाली लटकायचं, दुसऱ्यानं वर थांबायचं. वरच्यानं गाठी बघायच्या, कड्या बघायच्या आणि दोर कठड्यावर घासू नये म्हणून त्याखाली घातलेली गादी जागेवर आहे ना, तेही बघायचं. गाठोबा हे नाव त्याला पडलं होतं ते गाठी तीन-तीनदा तपासण्यावरून. सोमवारी सकाळी लटकायची पाळी त्याची होती आणि वर होता चकवा.

मुकादमाला सांगावं, असं त्याच्या दहादा मनात आलं. पण सांगणार काय? की साहेब, काल खेळात यानं माझा दोर कापला? मुकादमानं ती गोष्ट साऱ्या कामगारांना चघळायला दिली असती, वर्षभर पुरली असती. गाठोबानं तोंड शिवलं. गाठी मात्र तीनदा नाही, सातदा तपासल्या.

"आज काय, पूजा मांडलीस का गाठींची?" चकवा म्हणाला.

गाठोबा हसला नाही. कठड्यावरून पाय टाकताना रोज पोटात एक खड्डा पडायचा आणि मग भरून यायचा. आज तो भरलाच नाही. अठराव्या मजल्यापासून तो उतरत गेला. फडकं फिरव, रबराच्या पट्टीनं पाणी ओढ, पुढची काच. हात आपलं काम करत होते, पण डोकं वर गच्चीवर होतं. चकवा आता कुठं बसला असेल? कंटाळला असेल का? कंटाळा येऊ नये असं त्या गच्चीवर काहीच नव्हतं, हे गाठोबाला चांगलं ठाऊक होतं.

बाराव्या मजल्यावर दोर वीतभर खाली आला.

वीतभरच. पण गाठोबाच्या तोंडचं पाणी पळालं. छातीवरचा वॉकीटॉकी त्यानं मुठीत धरला. "वर काय चाललंय?"

काही नाही.

"चकव्या! काय करतोयस? बोल की!"

वरून हूं नाही की चूं नाही. काचेच्या आत एक बाई टेबलावरच्या रोपाला पाणी घालत होती. तिनं वर बघितलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा रोपाकडे वळली. तिच्यात आणि त्याच्यात हातभर अंतर होतं. तिला हाक मारून काही उपयोग नाही, ती काच उघडतच नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? दोर पुन्हा हलला. गाठोबाला रडू फुटलं. सकाळी मुलीच्या बुटाची नाडी बांधताना आपण तिच्यावर खेकसलो, ते शेवटचं बोलणं ठरणार, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं. तो वॉकीटॉकीत ओरडत राहिला आणि पुढची एकही काच न पुसता सुटल्यासारखा खाली उतरला.

चकवा धापा टाकत लिफ्टमधून बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक होता.

"अरे बहिऱ्या! गादी सरकली होती, दोर कठड्यावर घासत होता. ती पुन्हा नीट घालत होतो. थांब, हलू नकोस म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडलो!"

"मला एक शब्द आला नाही."

"येईल कसा? बटण सोड आधी."

गाठोबानं खाली बघितलं. त्याचा अंगठा अजूनही बोलायच्या बटणावर होता, दाबून दाबून पांढरा पडलेला. ते दाबलेलं असलं की पलीकडचा आवाज येत नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

"मेलो असतो मी भीतीनं," चकवा म्हणाला आणि त्यानं गाठोबाला मिठी मारली. गाठोबाला इतकी लाज वाटली की त्याला परत मिठी मारणं जमलं नाही.

जेवणानंतर पाळ्या बदलल्या. चकवा एकाही गाठीला हात न लावता पट्टा चढवून कठड्यावर गेला. "तू बांधल्यास ना? मग झालं." आणि उतरला.

गाठोबा वर बसला. दोन्ही दोर त्याच्या गुडघ्याजवळून ताठ जात होते, चकव्याच्या वजनानं बारीक कुरकुरत. कमरेला नेहमीची सुरी होती, अडकलेला दोर सोडवायला दिलेली. ऊन होतं, वारा नव्हता, करायला काही नव्हतं. वॉकीटॉकीतून चकव्याची शीळ येत होती, मग ती थांबली.

"आहेस ना रे वर?"

गाठोबानं बटणाकडे अंगठा नेला आणि दाबला नाही.

"ए गाठोबा. आहेस ना?"

दोर थरथरला. खाली तो काच सोडून वर बघत असणार.

"बोल ना रे. ए! मस्करी नको, इथं नको." आवाज चिरकला. "अरे, बोल ना!"

गाठोबा ऐकत होता. सकाळी आपण याच आवाजात ओरडत होतो, हे त्याला कळत होतं. ज्यानं आपल्याला मिठी मारली तोच हा, हेही कळत होतं. तरी आणखी थोडं ऐकावंसं वाटत होतं. छातीत काहीतरी गोड, गरम पसरत होतं आणि त्याची बोटं सुरीच्या मुठीशी चाळा करत होती. ती तिथं कधी गेली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं हात चटका बसल्यासारखा मागे ओढला आणि बटण दाबलं. "आहे. आहे मी. तू सरळ खाली जा. आजचं काम बास."

सुरी म्यानासकट काढून त्यानं पाण्याच्या टाकीमागे, गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. परत आला आणि खालून "पोचलो" येईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. एवढा तो सकाळी बाराव्या मजल्यावरही घाबरला नव्हता.

संध्याकाळी तो मुकादमासमोर उभा राहिला.

"साहेब, चकव्याला दुसरा जोडीदार द्या. उद्यापासूनच."

मुकादमानं मान वर केली. "का? काय केलं त्यानं?"

"त्यानं काही नाही केलं," गाठोबा म्हणाला.