पाहुणीची तिसरी पायरी

आत्याच्या मते त्या काठीचा घराला एकच उपयोग झाला, कपडे वाळत घातले की झुकणाऱ्या दोरीला मधोमध टेकू द्यायला. आणि तो चाबूक नव्हता बरं का. चाबूक म्हटलेलं सुरुवातीला कुणाला चालत नसे. ती ‘संवादकाठी’ होती, केशरी रंगाची, मुठीवर पळत्या घोड्याचा शिक्का असलेली, आणि ‘सहजाश्व’ कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाकडे मिळत नसे.

ती विकत घेतली ताईने. तबेल्यात घोडा शिकायला येणाऱ्या मुली तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू. तबेला तिच्या वडिलांनी उभा केलेला. त्यांचे गुडघे थकले तेव्हा तिने हातात घेतला आणि बरा चालवला. पण बाईच्या डोक्यात कायम एक भुंगा असायचा, की आपण हे सगळं बाबांचं बघून बघून शिकलो, शास्त्रशुद्ध असं काही आपल्याकडे नाही. आणि ज्याला असं वाटतं त्याच्या दारात शास्त्र विकणारा हजर होतोच.

खोका आला तो जेवणाच्या टेबलावरच उघडला. घोड्याच्या तोंडावर चढवायची, गाठी मारून केलेली म्होरकी, तिला अडकवायचा जाडजूड दोर, दोराच्या टोकाला वजनदार कडी, काठी, आणि एकेका पायरीचं एकेक पुस्तक. बाबांनी दोर बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, होड्या बांधायला वापरतात तोच आहे. आत्या म्हणाली, होडीचा दोर होडीच्या दुकानात घेतला असता तर सोबत होडीपण आली असती. आत्या ही बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची, आणि बोलताना उजव्या हाताची तर्जनी समोरच्याच्या नाकासमोर नाचवल्याशिवाय तिचं एक वाक्य पुरं होत नसे.

खरं बोलायचं तर त्या पद्धतीत खोटं असं काही नव्हतं. खूर उचलू न देणारा एक घोडा पहिल्या पायरीतच सरळ झाला. ताईने ते मोठ्या कौतुकाने बाबांना दाखवलं, पुस्तकातलं तत्त्वही वाचून दाखवलं. बाबा शांतपणे ऐकत होते.

“मागायचं ते थोडं मागावं, आणि त्याने दिलं की लगेच सोडावं. एवढंच ना?” ते म्हणाले. “मी फुकट सांगत होतो तेव्हा तू जांभया देत होतीस. त्यांनी खोक्यात घालून दिलं तेव्हा पटलं.”

ताईला ते झोंबलं, पण ती हसली. बाबांच्या बोलण्यात विष कधीच नसे.

आता पाहुणीचं सांगतो. पाहुणी ही तांबड्या रंगाची घोडी. तिचा मालक आठवडाभर सांभाळा म्हणून सोडून गेला तो गेलाच, पुन्हा ना फोन ना निरोप. तेव्हा ती जेमतेम वयात आलेली, कुणाला जवळ उभं न करणारी. बाबांनी तिला माणसाळवली. रोज सकाळी तिला ठाणावरून, तबेल्यातल्या तिच्या बांधायच्या जागेवरून, काढून पलीकडच्या कुरणात न्यायचं हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पुढे बाबा, मागे सैल दोर, आणि दोराच्या टोकाला पाहुणी. बाबा मागे वळून बघत नसत. त्यांचा नियमच होता तो. मागे बघितलं की घोड्याला वाटतं, या माणसालाच आपली खात्री नाही, मग आपण कशाला याच्या मागे जायचं.

मग बाबांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाचा कप वाजायचा, मग सदऱ्याची बटणं लागेनात. त्यातच ते न्हाणीघरात घसरून पडले, आणि मांडीचं हाड जुळेपर्यंत कित्येक महिने खाटेवर होते. त्या काळात पाहुणी रिकामी होती, आणि हुशार तर होतीच. ताईने तिला सहजाश्वच्या तिसऱ्या पायरीसाठी तयार करायला घेतलं. तिसरी पायरी पार झाली की कंपनी फाटकावर ‘अधिकृत केंद्र’ अशी पाटी लावू देणार होती. ती पाटी ताईच्या स्वप्नातसुद्धा यायची.

तिसऱ्या पायरीतला मानाचा धडा म्हणजे घोडा लांबूनच मागे हटवणं. आपण समोर उभं राहायचं आणि दोर धरलेल्या हाताचं बोट हलवायचं. नाही हटला तर मनगट, मग कोपर, मग अख्खा हात. दोराला लाट जाते, कडी हनुवटीखाली टकटक करते, आणि घोडा मागे जातो. पाहुणी इतकी तयार झाली की बोटावरच भागायला लागलं. बोट जरा हललं की बाईसाहेब मान खाली घालून सुरेख मागे मागे. ताईला आनंद मावेना.

बाबा बरे झाले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ते डाव्या हातात चालायची काठी घेऊन थेट ठाणाकडे गेले, आणि उजव्या हाताने पाहुणीचा दोर धरला. पाहुणी त्यांच्याकडे बघत राहिली आणि एक पाऊल मागे सरकली. बाबांनी तिला नेहमीची हाक मारली. ती आणखी मागे. ते पुढे जातील तशी ती मागे जात राहिली, पार गव्हाणीला टेकेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी बाबांनी दोर खुंटीला अडकवला आणि घरी येऊन खिडकीपाशी बसले.

“तिला माझा हात नको वाटतो,” ते म्हणाले. “जनावर आहे. त्याला कळतं माणूस संपत आला की.”

त्यानंतर ते तबेल्याकडे फिरकलेच नाहीत. चालणं बंद झालं, जेवण अर्ध्यावर आलं. ताईने विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी तिने कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या गोड आवाजाच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की दोष घोड्यात कधीच नसतो, माणसाच्या ऊर्जेत असतो. वडिलांनी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी, आणि ज्येष्ठांसाठी खास हलका दोर आलाय, तो मागवावा. ताईने फोन ठेवला तेव्हा पहिल्यांदा तिला त्या पळत्या घोड्याच्या शिक्क्याचा राग आला. ज्या माणसाने आयुष्य घोड्यांत काढलं त्याच्या ऊर्जेत दोष काढणारी तू कोण गं बाई?

आत्याला मात्र फोनबिन काही सुचत नसे. भाऊ जेवत नाही म्हटल्यावर ती तडक ठाणात गेली आणि घोडीलाच फैलावर घेतलं. ज्याने तुला लहानाची मोठी केली त्याला ओळख दाखवत नाहीस, खाल्ल्या मिठाला तरी जागावं, वगैरे वगैरे, आणि प्रत्येक वाक्याला तर्जनी. पाहुणी मागे गेली. आत्याला चेव आला, तिने आणखी सुनावलं. पाहुणी आणखी मागे गेली, आणि शेवटी तिचं बूड पाण्याच्या हौदाला टेकलं.

“बघ,” आत्या मोठ्या समाधानाने ताईकडे वळली. “या घरात माझं ऐकणारी ही एकटीच.”

ताई खरारा करत होती. तिचा हात तिथेच थांबला. दोर नाही, कडी नाही, काठी नाही. नुसतं हलणारं बोट. तिने आत्याला पुन्हा रागवायला सांगितलं, पण हात पदरात गुंडाळून. आत्याने तसं केलं. तिला ते फार जड गेलं, पण केलं. पाहुणी जागची हलली नाही, उलट मान पुढे करून आत्याचा पदर हुंगायला लागली.

ताई बादली पालथी घालून खालीच बसली. घोडी बाबांना विसरली नव्हती. ती त्यांना भीतही नव्हती. बाबांचा हात सारखा सांगत होता, मागे जा, मागे जा, आणि गुणी मुलीसारखी ती मागे जात होती. हे तिला आपणच शिकवलं, शाबासकी देऊन शिकवलं, आणि नेमकं बाबा खाटेवर असताना. ताईला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही.

तिसऱ्या पायरीची परीक्षा महिन्यावर आली होती. पुस्तकात एक धडा पुसून दुसरा लिहायची सोय नव्हती. पुस्तकाप्रमाणे ही पायरी फक्त वर जायची. मग ताईने पुस्तक कपाटात टाकलं आणि ‘थोडं मागावं’ हे बाबांचं वाक्य घेतलं. गाठींची म्होरकी काढून जुनी, रुंद पट्ट्याची सुती म्होरकी चढवली. मग पाहुणीच्या अगदी जवळ उभं राहून तिने हात हलवला, थोडासाच, आणि घोडी मागे जायच्या आत तिच्या मानेच्या बुडाशी, जिथे तिला खाजवून घ्यायला आवडतं, तिथे खाजवलं. हात हलला की खाजवणं. हात हलला की गाजर. हळूहळू घोडीच्या डोक्यात उजेड पडायला लागला.

एकदा आत्या चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. ताई उजवा हात तस्साच हलवत होती, अंगठा बोटांवर घासत, हुबेहूब.

“बापाची नक्कल करतेस?” आत्याचा आवाज चिरकला. “लाज नाही वाटत?”

“वाटते गं,” ताई म्हणाली. “पण हिला बाबांचा हात शिकवतेय. बोटाचं आधी मीच शिकवून ठेवलंय ना, ते पुसायचंय.”

आत्याने कप कठड्यावर ठेवला. मग रोज दुपारी ती स्वतःच यायला लागली, आणि घोडीसमोर बोट नाचवून नाचवून गाजरं भरवायला लागली. परीक्षेचं काय, असं तिने एकदा विचारलं. ताई म्हणाली, नापास.

परीक्षेच्या दिवशी कंपनीचे सर आले. टोपीवर तोच पळता घोडा. माणूस वाईट नव्हता, आल्या आल्या त्याने आधी घोड्यांना पाणी आहे का ते पाहिलं. आत्याने बाबांना काहीबाही सांगून रिंगणाशी आणून खुर्चीवर बसवलं होतं. पोरगी परीक्षेला बसतेय, बाप खिडकीत बसून राहिला तर बरं दिसतं का, असं म्हणून. बाबा आले होते, पण घोडीकडे बघत नव्हते.

मागे हटवायचा धडा सरांनी स्वतः घ्यायचा होता. त्यांनी दोर धरला, बोट हलवलं. पाहुणीने कान टवकारले आणि एक पाऊल पुढे आली. सरांनी मनगट हलवलं. ती आणखी पुढे आली. सरांनी नियमाप्रमाणे अख्खा हात घुसळला, आणि एवढं मोठं आमंत्रण बघून पाहुणी लगबगीने गेली ती सरांच्या छातीवर कपाळ टेकून उभी राहिली. सर मागे सरले. ती पुढे. रिंगणाच्या कुंपणाला सरांची पाठ लागली तेव्हा आत्याने बाबांच्या खुर्चीमागून अदबीने विचारलं, सर, ही कितवी पायरी म्हणायची?

सरांनी टोपी सरळ केली. “संवाद पार बिघडलाय,” ते ताईला म्हणाले. “कुणी बिघडवला?”

“मीच,” ताई म्हणाली. “बिघडला नाही पण. तो आता माझ्या वडिलांशी आहे.”

सरांनी खुर्चीकडे पाहिलं. बाबांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. सरांनी कागदावर ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं, सही केली, आणि मग घोडीला मानेच्या बुडाशी खाजवत राहिले.

बाबा उठून उभे राहिले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. घोड्यांतला माणूस, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

“आज जास्तच हलतोय,” ते म्हणाले.

“हलू दे, बाबा,” ताई म्हणाली, आणि दोर त्यांच्या हातात दिला.

दोर थरथरला. पाहुणी दोन पावलं पुढे आली आणि तिने नाक त्यांच्या खांद्याला लावलं. बाबांनी डोळे मिटले. मग काठी टेकत ते कुरणाच्या दिशेने निघाले. पहिल्या काही पावलांना त्यांनी वळून पाहिलं, ती येत होती. फाटकाशी पुन्हा पाहिलं, ती येतच होती. आत्याने आपली तर्जनी पदरात गच्च धरून ठेवली होती.

फाटक ओलांडल्यावर कुरणाची लांब वाट लागते. त्या वाटेवर बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.