मारियामाईची फिरती पेटी

मित्रांनो, मला पाय नाहीत, तरी रोज मी नव्या घरी वस्तीला जाते. मी सान हासिंतो गावातली एक जुनी देवपेटी आहे. फेलिसियानो सुताराने मला घडवलं, पुढे काचेचं दार बसवलं, आत मारियामाईची वीतभर मूर्ती ठेवली आणि तळाशी दानासाठी खण केला. खणाला वरून फट आहे, कुलूप नाही. गावाची फेरी पुरी होईपर्यंत खण उघडायचा नाही आणि एकही घर वगळायचं नाही, हा बायकांचा नेम. ज्या घरी मी उतरते तिथली बाई संध्याकाळी मेणबत्ती लावते, जपमाळ ओढते आणि सकाळी मला स्वतः उचलून पुढच्या घरी पोचवते. माझ्या काचेवर किती जणींची आसवं पडली, त्याला गणती नाही.

मग टेलिफोन कंपनी आली. एकच कंपनी, तिच्यावाचून दुसरी नाही. न केलेल्या फोनांची बिलं येऊ लागली. तक्रार केली की महिना महिना फोन मुका. शेजारच्या गावाने फोनवरूनच बोलून एकी करायचं ठरवलं, तर दुसऱ्याच दिवशी पुढाकार घेणाऱ्यांच्या तारा कापल्या गेल्या. तारेलाही कान असतात, हे तेव्हा कळलं.

म्हणून शिवणकाम करणाऱ्या क्रेसेन्सियाबाईंनी मला निवडलं.

"सोमवारी सगळ्यांनी आपापला फोन उपटायचा आणि एकदम कंपनीच्या कचेरीत टेबलावर नेऊन ठेवायचा," त्या म्हणाल्या. "एकटीदुकटीला ते चिरडतील, साऱ्या गावाला कुठे चिरडतात? जी येणार, तिने नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची. ही पहिली माझी."

"आणि तुझी लेक नीवेस?" शेजारीण रेमेदियोसने विचारलं. "पोर कामासाठी वाळवंट ओलांडून उत्तरेला, सरहद्दीपलीकडे निघालीय. पोचल्यावर फोन करणार ना?"

"रविवारच्या आत पोचते म्हणालीय. म्हणून तर सोमवार धरला."

घरोघर माझा खण भरत गेला. शुक्रवारी ओतिलियाची पाळी आली. तिचा नवरा अबुंदियो म्हणजे कंपनीचा गावातला साहेब. घर कचेरीच्या पाठीलाच.

"ते घर गाळ," रेमेदियोस क्रेसेन्सियाबाईंना म्हणाली.

"आणि माईला काय सांगू? तिचा नवरा वाईट, म्हणून तिच्याकडे जाऊ नकोस?"

"मग चिठ्ठ्या तरी काढून घे."

"फेरी अर्धी असताना खण उघडू? हात झडेल माझा."

"हात राहील गं. फोन जाईल, बघ."

मी ओतिलियाकडे गेले. दुपारी ती बाजाराला गेली, तेव्हा अबुंदियो माझ्यापुढे बसला. त्याने खण ओढला, एकेक चिठ्ठी वाचली, सगळ्या होत्या तशा ठेवल्या. नेम बायकांचा होता, त्याचा नव्हता. मला ओरडता आलं नाही.

तिन्हीसांजेपर्यंत चिठ्ठ्यांतल्या घरांचे सगळे फोन मुके झाले.

ओतिलिया माझ्यापुढे जपमाळ ओढत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडे कचेरीतला फोन वाजला. घरोघरी फोन नव्हते तेव्हा सारं गाव तिथेच फोन घ्यायला यायचं. तो नंबर परगावी गेलेल्या प्रत्येक लेकराला पाठ आहे. ती उठली.

"बस खाली," अबुंदियो म्हणाला. "वाजू दे."

"अहो, घरी लागत नाही म्हणून कुणीतरी इकडे करतंय."

"सोमवार उलटला की उचलू."

फोन तीनदा वाजला. मग थांबला. तिच्या बोटांतला मणी पुढे सरकला नाही.

सकाळी ती मला घेऊन निघाली. पुढचं घर क्रेसेन्सियाबाईंचंच होतं. अबुंदियोही बरोबर चालत आला. तो कधी येत नसे.

"ही घे पाहुणी," ओतिलिया म्हणाली.

"ये गं माई." बाईंनी मला कवेत घेतलं. "काल सांजेपासून माझा फोन मेलाय, ओतिलिये. कचेरीतला वाजला का गं?"

"तोही बंद आहे," अबुंदियोने परस्पर उत्तर दिलं.

जाताना ओतिलियाने माझ्या खणावर बोट टेकवलं, दोनदा. फटीतून कागदाचा कोपरा डोकावत होता.

बाईंनी तो ओढला. 'तीनदा वाजला. यांनी उचलू दिला नाही. सोमवारी मीही येते.'

चिठ्ठी मुठीत धरून त्या माझ्यापुढे बसल्या. "कुणी केला असेल, माई?" त्यांनी विचारलं. "पोरीने, की पोरीची खबर द्यायला कुणी?"

मला ठाऊक असतं तर.

रविवार गेला. सोमवारी शालीत गुंडाळलेले फोन घेऊन बायका कचेरीत आल्या, वायरी पायांत लोळत होत्या. रांगेच्या शेवटी ओतिलिया होती, स्वतःच्या घरातला फोन घेऊन. टेबल भरलं तसा अबुंदियो खुर्ची मागे सरकवत गेला. क्रेसेन्सियाबाईंनी आपला मुका फोन त्या ढिगावर ठेवला आणि मला मांडीवर घेऊन कचेरीतल्या फोनशेजारच्या बाकावर बसल्या.

"आता हा वाजला की मीच उचलणार," त्या म्हणाल्या. त्यांना उठवायला कुणी धजलं नाही.

आज गुरुवार. बायका पाळीपाळीने त्यांच्यापाशी येऊन बसतात. माझी फेरी थांबलीय, खण अजून मिटलेला आहे. फोन वाजलेला नाही.

मित्रांनो, तुम्ही माझी काच पुसता, मला फुलं वाहता, बरं वाटतं. पण कुठे घंटी वाजत असेल, तर आधी ती उचला. फुलं मागाहून वाहिली तरी चालतील.