चौथा कोनवासा

शामकांत सरांना या बांधकामातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. त्यात पैसा कुठेच नव्हता, त्यामुळे गावाला संशय जास्त. वडिलांच्या नावाची पाटी लागणार होती. निवृत्तीनंतर नगरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर पत्नी विजयाबाईंच्या पायात पायात येणं थांबणार होतं, अर्थात हा फायदा विजयाबाईंचा. मुलगा सुश्रुत पुण्यात आर्किटेक्ट, पण दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा ओढणारा. त्याच्या स्वतःच्या नावावर एक तरी इमारत उभी राहणार होती. राहता राहिलं पुण्य. ते सर बोलून दाखवत नसत, पण सोडूनही देत नसत.

पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या मळ्यात सर एक मोठी शेड बांधत होते. दसरा झाला की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. लेकरं आईबापांबरोबर जातात आणि शाळा बुडते. त्यातल्या मुलींनी हंगामभर या शेडमध्ये राहावं, गावच्याच शाळेत जावं, गावातल्या केशरबाईनं त्यांचा स्वयंपाक करावा आणि रात्री सोबतीला झोपावं, अशी योजना होती.

कानिफनाथचा फायदा त्या मानानं छोटा दिसायचा. तो हंगामात ऊस तोडी, उरलेलं वर्ष वेल्डिंग करी. शेडचं लोखंडकाम त्याच्याकडे होतं. त्याची मुलगी संस्कृती नववीत. आजवर ती हंगामात आजीजवळ, बनुबाईजवळ, राहायची. यंदा बनुबाईचे डोळे गेले आणि तिनंच सांगून टाकलं, "तरणी पोर माज्या भरवशावर ठिवू नका. दारात कोन आलं ते मला दिसत न्हाई." ऊसतोडीची टोळी निघायच्या आत शेडवर छप्पर चढलं तर संस्कृती शाळेत, नाही तर उसाच्या फडात. इतकं सरळ होतं.

सुश्रुत नकाशा घेऊन आला तो चौपाखी छपराचा.

"दुपाखी टाकू की दादा," कानिफनाथ म्हणाला. "आमच्या समद्या गोठ्यांना दुपाखीच हाय."

"म्हणून तर दर उन्हाळ्यात तुमचे पत्रे दुसऱ्याच्या शिवारात सापडतात."

मग त्यानं समजावून सांगितलं. दुपाखीला दोन्ही टोकांना उभ्या त्रिकोणी भिंती लागतात आणि वारा त्यांच्यावर आपटतो. चौपाखीला चारही बाजूंनी उतार, वारा वरून घसरून जातो. भिंती सगळ्या एका उंचीच्या. चार कोपऱ्यांतून चार कोनवासे तिरके वर जातात आणि मधलं आढं तोलून धरतात. यात चुकीचं काहीच नव्हतं. छप्पर कागदावर इतकं देखणं होतं, की बनुबाईनंही कागद नाकाशी धरून मान डोलावली.

फक्त दुपाखी छप्पर गरीब स्वभावाचं असतं, पाया थोडा वाकडा असला तरी निभावून नेतं. चौपाखीला चारही कोपरे काटकोनात लागतात. हे सुश्रुत बोलला नाही, कारण कोपरे काटकोनात नसतील हे त्याच्या मनातच आलं नाही.

पायाची पूजा सरांनी स्वतःच सांगितली. घराण्यात भिक्षुकी होतीच. ईशान्य कोपऱ्यातल्या आखणीच्या खुंटीपाशी पाट मांडायचा, तर तिथे खडक वर आलेला, पाट डुगडुगायला लागला. सरांनी श्लोक न थांबवता खुंटी उपटली, हातभर बाहेरच्या बाजूला ठोकली आणि पाट नीट बसवला. दुसऱ्या टोकाला सूत धरून उभ्या असलेल्या कानिफनाथनं ते पाहिलं. पूजा झाल्यावर मागं घेऊ, असं त्यानं मनाशी म्हटलं. तोवर खुंटीला हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं, नारळ फुटला, बनुबाईनं चाचपडत येऊन डोकं टेकलं. सुश्रुत पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, "छान दिसतंय."

दुसऱ्या दिवशी कानिफनाथनं अंगद गवंड्याला हळूच सांगितलं.

"हातभरानं काय व्हतंय?" अंगद म्हणाला. "पूजलेली खुंटी उपटू म्हनतोस? बरं, सरांना कोन सांगनार, तू?"

कानिफनाथनं सांगितलं नाही. त्याला खुंटीची भीती जास्त होती की सरांची, हे त्यालाही ठरवता आलं नसतं. खांब तिथेच भरला, भिंती चढल्या.

वेळ वाचावा म्हणून सुश्रुतनं सगळे पाइप नकाशाबरहुकूम नगरलाच कापून घेतले, त्यावर नंबर टाकले आणि टेम्पोनं पाठवले. दसरा तोंडावर आला होता. टेकू देऊन आढं वर चढवलं. पहिला कोनवासा बसला, दुसरा बसला, तिसरा तर हातानं ढकलताच जागेवर गेला. चौथ्याचं वरचं टोक आढ्याला टेकलं आणि खालचं खांबाच्या हातभर अलीकडे हवेत थांबलं.

सुश्रुत दुपारी गाडी घेऊन आला. त्यानं टेप लावला, दोन्ही कर्ण मोजले आणि घाम पुसला.

"या कोपऱ्याची खुंटी कोणी हलवली?"



"मी," सर म्हणाले. "पाट बसत नव्हता."

"बाबा, मला एका शब्दानं तरी सांगायचं."

"तू पाहत होतास की. छान म्हणालास."

कानिफनाथ पुढे झाला. "दादा, तुकडा जोडू का? आत नळी घालून आशी वेल्डिंग करतो की कळनार न्हाई."

"कळणार नाही, हेच नको आहे मला. छपराचा निम्मा भार या चौघांवर. जोड दिलेल्या कोनवाशाखाली मी मुली झोपवणार नाही. त्यात तुझीच मुलगी."

कानिफनाथनं टोकांच्या भिंतींकडे पाहिलं. "मग दुपाखी करू. रातचा दिस करतो."

"दोन्ही टोकांच्या भिंती वर न्याव्या लागतील. त्या सुकायला हव्यात. आणि पाइप सगळे या मापाचे कापलेत."

"नवा पाइप मागव," सर म्हणाले. "खर्चाचं बघू नकोस."

"मागवतो. पण या बाजूचा उतारच पिळला गेलाय, बाबा. पत्रेही पुन्हा कापायचे. आठवडा तरी जाईल."

संध्याकाळी टोळीचा मुकादम आदिनाथ मोटारसायकलवरून आला. त्यानं छपराकडे पाहिलं, चपला काढल्या आणि सरांना नमस्कार केला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"दोन दिस थांबतो सर. त्याच्या म्होरं माज्या हातात न्हाई. मला बी फॅक्टरीचा फोन येतोय. आन् ह्या कानिफनाथनं उचल घेतल्याली हाय."

उचल, म्हणजे हंगामाआधीच घेतलेली मजुरी, बनुबाईच्या डोळ्यांच्या फसलेल्या ऑपरेशनात गेली होती.

सरांनी दुसऱ्या वेल्डरसाठी पाथर्डीत फोन केले, शेवगावात केले. दिवाळीनंतर बघू, असं सगळ्यांनी अदबीनं सांगितलं. गावात हात उरले होते ते म्हाताऱ्यांचे. नगरहून आलेल्या विजयाबाई संस्कृतीकडे पाहून म्हणाल्या, "तसं आमच्याकडे नगरला..." आणि त्यांनी सरांकडे पाहिलं. सर छपराकडे पाहत होते. ते वाक्य पुरं करायची घाई कुणालाच दिसली नाही. कानिफनाथनं मात्र थोडा वेळ वाट पाहिली.

ट्रक निघाला तेव्हा संस्कृतीनं सरांना विचारलं, "हजेरीत नाव ठिवतेल का?"

"मी बोलतो हेडमास्तरांशी."

सर बोललेही. नाव राहिलं. नावच राहिलं.

पाइप दिवाळीनंतर आला, वेल्डर संक्रांतीनंतर. होळीच्या सुमारास छप्पर पुरं झालं. खरंच देखणं झालं. चैत्रात वादळानं तीन गोठ्यांचे पत्रे उचलून नेले, शेडचा एक खिळा हलला नाही. सुश्रुत म्हणत होता ते बरोबर होतं. पाटीही लागली. पुढच्या हंगामात तिथे मुली राहायला आल्या.

त्यांत संस्कृती नव्हती. हंगाम संपवून ती परतली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. एकदा मोळ्या बांधायला बसलेले हात मुकादमाच्या नजरेतून सुटत नाहीत. पुढल्या सालची उचल देताना आदिनाथनं तिचा अर्धा कोयता, म्हणजे एका माणसाची तोड, धरूनच आकडा सांगितला. कानिफनाथनं मान हलवली.

आता कोणी काय भरलं ते पाहू. सरांचा एक पाइप, काही पत्रे आणि मुलापुढं मान खाली घालायची एक दुपार गेली. सुश्रुतच्या पुण्याहून दोन-चार खेपा वाढल्या. आदिनाथला काही पडलं नाही, उलट दोन हात मिळाले. अंगदची मजुरी त्याला पूर्ण पोचली. कानिफनाथ एका सकाळी गप्प राहिला, त्याचं देणं निघत होतं खरं, पण तेही त्यानं दिलं नाही. ते आणि बाकी सगळ्यांचं मिळून जे काही उरत होतं, ते संस्कृतीनं भरलं.